एका आवाजाची वाटणी
(ध्वनिक्षेपकातील स्वरविभाजनाचा इतिहास)

न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हा वक्त्याजवळ स्वतःच्या छातीवाचून आवाजाचे दुसरे साधन नव्हते. बेलचे टेलिफोनचे एकस्व पुढच्या वर्षीचे, १८७६ सालचे. आज मात्र वक्ता बसक्या आवाजात बोलला तरी त्याचे बोलणे मंडपाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोहोचते. ते ज्या पेट्यांतून पोहोचते त्यांच्याकडे आपण एरवी पाहत नाही. शिट्टी वाजू लागली किंवा शब्द घोगरे झाले म्हणजेच सगळ्यांच्या माना तिकडे वळतात. त्या पेट्यांच्या पोटात सतत चालू असलेल्या एका व्यवहाराचा इतिहास मला आज सांगावयाचा आहे. हा व्यवहार वाटणीचा आहे. एकच आवाज दोन किंवा तीन तोंडांत वाटून द्यायचा, आणि तो ऐकणाराच्या कानी मात्र एकाच तोंडून आल्यासारखा पोहोचवायचा. वाटणी करणे सोपे असते; वाटणीनंतर घर एक दिसणे अवघड असते, हे आपल्याला संसारातून ठाऊक आहे. ध्वनिशास्त्रातही तेच आहे. ह्या एका अडचणीपायी शंभर वर्षे बुद्धिमान माणसे झटली आहेत.

प्रथम ही वाटणी करावीच का लागते ते पाहू. निरोगी तरुण माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० कंपनांपासून २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर धरला, तर २० कंपनांच्या स्वराची लाट १७ मीटर लांब होते, आणि २०,००० कंपनांच्या स्वराची लाट जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर. ह्या दोन टोकांना सारखाच न्याय देईल असा एकच पडदा बनवणे दुरापास्त आहे. खर्जाचा स्वर निर्माण करायला पुष्कळ हवा ढकलावी लागते. स्वर एक सप्तक खाली गेला, तर तितक्याच मोठ्या आवाजासाठी पडद्याला चौपट अंतर हलावे लागते. म्हणून खर्जाला रुंद आणि दणकट पडदा हवा. पण तोच रुंद पडदा उंच स्वर काढू लागला की त्याचा आवाज बॅटरीच्या झोतासारखा सरळ रेषेत जातो. समोर बसलेल्याला तो टोचतो आणि बाजूला बसलेल्याला मिळतच नाही. तीस सेंटिमीटर रुंदीच्या पडद्याच्या बाबतीत हा दोष हजार-अकराशे कंपनांपासूनच जाणवू लागतो. सारांश, खर्जाला मोठे तोंड व तारस्वराला लहान तोंड, अशी योजना करणे भाग आहे. धंद्यातील लोक पहिल्याला वूफर म्हणतात, दुसऱ्याला ट्वीटर, आणि त्यांच्यात आवाज वाटून देणाऱ्या योजनेला क्रॉसओव्हर. आपण तिला विभाजक म्हणू.

ह्या वाटणीत काय पणाला लागते ते तंबोऱ्याच्या उदाहरणाने चांगले कळेल. पुरुषी तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर सेकंदाला सत्तर कंपनांच्या आसपास असतो, पण जवारीमुळे त्याच तारेतून उमटणारे वरचे स्वरांश कित्येक हजार कंपनांपर्यंत चढत जातात. ध्वनिक्षेपकात हा तंबोरा दुभंगतो. त्याचा पाया मोठ्या तोंडातून येतो आणि झणकार लहान तोंडातून. हे दोन्ही एकाच क्षणी व योग्य प्रमाणात कानावर आले तर तंबोरा भरलेला वाटतो. नाही आले तर कुठे तरी बिघडले आहे एवढेच श्रोत्याला कळते, काय बिघडले ते सांगता येत नाही. तबल्याचीही हीच गत. डग्ग्याचा घुमारा एका घरी आणि चाटेवरचा ठोका दुसऱ्या घरी, अशी ताटातूट होते.

आता इतिहासाकडे वळू. विद्युत्प्रवाहाने वेटोळे हलवून पडदा कंपित करण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकातलीच. वेर्नर सीमेन्सने १८७४ साली तिचे एकस्व घेतले होते. पण तिला आवाज देणारा वर्धक तेव्हा जन्माला आला नव्हता. पीटर जेन्सन व एडविन प्रिडहॅम ह्या जोडीने १९१५ साली कॅलिफोर्नियात ह्या तत्त्वावर कर्ण्याचा ध्वनिक्षेपक चालवून दाखवला. पुढे १९१९ साली सॅन डिएगो येथे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन ह्यांचे भाषण त्यांच्या यंत्रावरून प्रचंड जनसमुदायाला ऐकवण्यात आले. आज घरोघरी असलेल्या कागदी पडद्याच्या ध्वनिक्षेपकाची पायाभरणी चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग ह्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील अभियंत्यांनी १९२५ साली केली. ही सर्व यंत्रे एकतोंडी होती. बोलणे कळले म्हणजे झाले, अशी त्या काळची अपेक्षा होती.

वाटणी करण्याचे हत्यार मात्र दुसऱ्याच कारखान्यात तयार होत होते. लांब पल्ल्याच्या टेलिफोनच्या तारेवरून एकाच वेळी अनेक संभाषणे पाठवायची, तर ती पलीकडे एकमेकांपासून वेगळी काढता आली पाहिजेत. त्यासाठी अमेरिकेत जॉर्ज कॅम्बेल व जर्मनीत कार्ल व्हिली वाग्नर ह्यांनी, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, तारेची वेटोळी व कंडेन्सर ह्यांच्या जुळणीतून विद्युत्-गाळण्या तयार केल्या. वेटोळे मंद कंपनांना वाट देते व जलद कंपनांना अडवते; कंडेन्सर त्याच्या उलट वागतो. त्या दोहोंच्या मांडणीवर गाळणीची धार अवलंबून असते. १९३० साली स्टीफन बटरवर्थ ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने आपल्या वाट्याचा पट्टा शक्य तितका सपाट ठेवणारी गाळणी गणिताने मांडून दाखवली. तिचे नाव आजही त्याच्या नावाने चालते.

ह्या गाळण्या ध्वनिक्षेपकाच्या कामी आल्या त्या बेल प्रयोगशाळेच्या एका स्मरणीय प्रयोगात. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद टेलिफोनच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये ऐकवण्यात आला. प्रयोगाचे सूत्रधार हार्वी फ्लेचर होते, आणि वॉशिंग्टनला आवाजाच्या खुंट्या हाती घेऊन बसले होते प्रख्यात वाद्यवृंदनायक लिओपोल्ड स्टोकोव्स्की. आवाज तीन स्वतंत्र वाटांनी आला होता. प्रत्येक वाटेच्या टोकाला खर्जाचा एक मोठा कर्णा व उंच स्वरांचे लहान कर्णे होते, आणि त्यांच्यातील सीमा ३०० कंपनांवर आखली होती. दोन तोंडांचा ध्वनिक्षेपक वाद्यवृंदाला न्याय देऊ शकतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

ह्याच सुमारास चित्रपट बोलू लागले होते. आपल्याकडे १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात 'आलम आरा' झळकला आणि पडद्यामागे ध्वनिक्षेपक उभा राहिला. हॉलिवूडमध्ये मेट्रो-गोल्डविन-मेयरच्या ध्वनिविभागाचे प्रमुख डग्लस शियरर ह्यांना चित्रगृहातील आवाज पसंत नव्हता. त्यांच्या विभागातील जॉन हिलियर्ड ह्यांनी दोन तोंडांच्या पद्धतीचा अभ्यास हाती घेतला. ह्या अभ्यासातील एक हकीकत ध्वनितंत्राच्या इतिहासात पुन्हा पुन्हा सांगितली जाते. एलिनॉर पॉवेल ही त्या काळची टाप-नृत्यातील नामवंत नर्तकी. तिच्या बुटाच्या टाचेचा टणत्कार दोन तोंडांच्या यंत्रावरून ऐकला, तेव्हा प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येऊ लागला. कारण शोधता असे आढळले, की खर्जाच्या कर्ण्यातील हवेचा मार्ग उंच स्वरांच्या कर्ण्यापेक्षा कित्येक फूट लांब होता. ठोक्याचा अर्धा भाग आधी पोहोचत होता आणि उरलेला मागाहून.

श्रोतेहो, ह्या हकीकतीला मी फार महत्त्व देतो. तोपर्यंत सर्वांचे लक्ष स्वर कुठे तोडायचा आणि कोणाला किती द्यायचा ह्या दोन प्रश्नांवर होते. पॉवेलच्या टाचेने तिसरा प्रश्न पुढे आणला : केव्हा? वाटणी केवळ स्वरांची करून भागत नाही. वेळही जुळावी लागते. हिलियर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी खर्जाचा मार्ग आखूड करून नवा ध्वनिक्षेपक सिद्ध केला. तो शियरर हॉर्न ह्या नावाने प्रसिद्ध झाला आणि १९३६ सालासाठीचे ऑस्कर अकादमीचे तांत्रिक पारितोषिक त्याला मिळाले. ह्या कामात भाग घेणारे जेम्स लॅन्सिंग पुढे दोन मोठ्या ध्वनिक्षेपक-घराण्यांचे मूळ पुरुष ठरले : त्यांच्या नावाने १९४१ साली अल्टेक लॅन्सिंग उभी राहिली, आणि १९४६ साली त्यांनी काढलेली कंपनी आज आपण जेबीएल ह्या आद्याक्षरांनी ओळखतो.

ह्यानंतरची तीस-चाळीस वर्षे विभाजक म्हणजे पेटीच्या तळाशी ठोकलेली वेटोळी व कंडेन्सर. ही रचना वर्धकाच्या पुढे, म्हणजे शक्तिमान झालेल्या प्रवाहाच्या वाटेत बसते. तिचे दोष उघड होते. खर्जासाठी लागणारी वेटोळी जड व महाग असतात आणि थोडीफार शक्ती उष्णतेच्या रूपाने खातात. शिवाय ध्वनिक्षेपकाचा विद्युत्-अवरोध प्रत्येक स्वराला निराळा असतो. त्यामुळे कागदावर आखलेली गाळणी प्रत्यक्षात तशी वागत नाही. ह्यावरचा उपाय असा, की आवाज क्षीण असतानाच, वर्धकाच्या अगोदर, वाटून घ्यावा आणि प्रत्येक तोंडाला स्वतःचा वर्धक द्यावा. ह्यालाच सक्रिय विभाजन म्हणतात. १९५५ साली अमेरिकेतील सॅलन व की ह्या दोघांनी वेटोळ्याशिवाय, केवळ रोधक, कंडेन्सर व वर्धक वापरून गाळणी करण्याची सुटसुटीत रीत प्रसिद्ध केली. आणि ट्रान्झिस्टर स्वस्त झाले तशी ती सर्वांच्या आवाक्यात आली.

तथापि दोन तोंडे सीमेवर नेमकी जुळावीत कशी, हे कोडे उरलेच होते. सीमेवरचा स्वर दोघांच्याही वाट्याला येतो. बटरवर्थच्या गाळणीत त्या ठिकाणी प्रत्येकाचा दाब पूर्ण दाबाच्या ०.७०७ इतका असतो. दोघे एका तालात चालले तर बेरीज १.४१४ होते, म्हणजे सीमेवर तीन डेसिबेलचा उंचवटा येतो. ताल चुकला, तर पेटीसमोरचा सरळ जाणारा झोत वर किंवा खाली कलतो. उभ्या माणसाला एक ऐकू येते, बसलेल्याला दुसरेच. ह्याचे उत्तर १९७६ साली सीगफ्रिड लिंक्विट्झ व रस रायली ह्यांनी दिले. लिंक्विट्झ जन्माने जर्मन. दोघेही कॅलिफोर्नियात ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत मोजमापाची यंत्रे घडवणारे अभियंते होते, आणि ध्वनिक्षेपक ही त्यांची हौस होती. त्यांची युक्ती ऐकायला अगदी साधी आहे. बटरवर्थची एकच गाळणी लागोपाठ दोनदा लावावी. ०.७०७ ला ०.७०७ ने गुणले की अर्धा येतो, आणि अर्धा अधिक अर्धा म्हणजे एक. सीमेवर दोन्ही तोंडे समान वाटा उचलतात, सर्व स्वरांत एका तालात चालतात आणि झोत सरळ राहतो. आज जगातील असंख्य सभागृहांच्या यंत्रणांत हीच गाळणी चालू आहे. लिंक्विट्झ २०१८ साली वारले. पण त्यांनी आपले ज्ञान तिजोरीत ठेवले नाही, लेख लिहून सर्वांना देऊन टाकले.

येथवर आवाज हा विजेचा प्रवाह होता. आता तो संख्या होतो. प्रवाहाची उंची ठरावीक अंतराने मोजून ते आकडे लिहून ठेवले, तर त्यांवरून मूळ लाट पुन्हा उभी करता येते, हे तत्त्व नायक्विस्ट ह्यांच्या १९२८ च्या व शॅनन ह्यांच्या १९४९ च्या लेखांतून दृढ झाले. व्यवहारात ते घरोघरी पोहोचले १९८२ साली, कॉम्पॅक्ट डिस्कच्या रूपाने. तिच्यावर आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो. आवाज आकड्यांत आला की गाळणी म्हणजे केवळ गुणाकार आणि बेरीज. एका साध्या गाळणीला प्रत्येक मापासाठी पाच गुणाकार लागतात. लिंक्विट्झ-रायलीच्या एका बाजूला अशा दोन गाळण्या, म्हणजे दहा गुणाकार. सेकंदाला ४८,००० मापे असतील तर एका तोंडामागे दर सेकंदाला ४,८०,००० गुणाकार झाले. हे काम न चुकता, न थांबता करील असे यंत्र स्वस्त होईपर्यंत ही कल्पना कागदावरच राहणार होती. १९८३ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने सेकंदाला पन्नास लाख आज्ञा पाळणारी, गुणाकारातच तरबेज असलेली चकती बाजारात आणली. मोटोरोलाने त्याच दशकाच्या उत्तरार्धात चोवीस द्विमान अंकांची चकती काढली. अंक वाढवण्याला कारण होते : खर्जाच्या गाळणीत गुणकांची बारीकशी चूकही आवाजात खरखर होऊन उमटते. १९९० च्या सुमारास इंग्लंडच्या मेरिडियन कंपनीने आकड्यांतच विभाजन करणारा ध्वनिक्षेपक घरगुती श्रोत्यांसाठी विक्रीला आणला, आणि सभागृहांच्या यंत्रणेतही असे नियंत्रक बसू लागले.

ह्या बदलाचा सर्वांत मोठा लाभ कोणता, असे कोणी विचारील तर मी एलिनॉर पॉवेलच्या टाचेकडे बोट दाखवीन. हिलियर्डला वेळ जुळवण्यासाठी सुताराकडून कर्णा नव्याने करून घ्यावा लागला. आकड्यांच्या जगात वेळ थांबवणे म्हणजे आकडा स्मृतीच्या एका खणातून पुढच्या खणात सरकवणे. सेकंदाला ४८,००० मापे असता एक खण म्हणजे हवेतले सुमारे सात मिलिमीटर अंतर. एका तोंडाचा आवाज तीन फूट मागे पडत असेल, तर दुसऱ्याला सुमारे १२८ खणांत थांबवून ठेवले की दोघे बरोबर येतात. जे काम पूर्वी रंधा आणि करवत करीत होते ते आता पडद्यावर एक आकडा लिहून होते.

परंतु येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. किती थांबवायचे आणि कुठे तोडायचे हे आधी मोजून कळले पाहिजे. त्यावाचून आकडे लिहिणे म्हणजे डोळे बांधून चालणे होय. म्हणून ह्या इतिहासाची दुसरी बाजू मोजमापाची आहे. ध्वनिक्षेपक मोजायचा म्हणजे प्रतिध्वनी नसलेली खोली लागत असे, आणि अशी खोली बांधणे मोठ्या प्रयोगशाळांनाच परवडे. १९६५ साली कूली व टुकी ह्यांनी लाटेचे स्वरांत पृथक्करण करण्याची जलद रीत प्रसिद्ध केली. १०२४ मापांच्या पृथक्करणाला जेथे दहा लाखांवर गुणाकार लागत तेथे ह्या रीतीने ते दहा हजारांच्या घरात आले. १९६७ साली रिचर्ड हायझर ह्यांनी ध्वनीच्या आगमनाच्या वेळेवरून थेट आवाज व प्रतिध्वनी वेगळे मोजण्याची पद्धत मांडली. इंग्लंडमध्ये केईएफ कंपनीतील बर्मन व फिंचम ह्यांनी १९७७ साली संगणकाच्या साहाय्याने ध्वनिक्षेपकाचा क्षणिक ठोका टिपून त्यावरून त्याचे सर्व गुणदोष काढण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे १९८९ साली राइफ व व्हँडरकॉय ह्यांनी नियमबद्ध खरखरीच्या साहाय्याने, आणि २००० साली इटलीतील पार्मा विद्यापीठाच्या अँजेलो फरीना ह्यांनी खर्जापासून तारेपर्यंत सरकत जाणाऱ्या स्वराच्या साहाय्याने, हे मापन अधिक नेमके केले. फरीनांच्या रीतीने ध्वनिक्षेपकाची मूळ वागणूक आणि त्याने स्वतःच्या पदरचे घातलेले विकृत स्वर वेगळे दिसतात.

ह्या रीतींनी खोलीची अडचण कशी दूर होते ते एका उदाहरणाने पाहू. ध्वनिक्षेपक व माइक दोन्ही जमिनीपासून एक मीटर उंच आणि परस्परांपासून एक मीटर अंतरावर ठेवले. सरळ आवाज एक मीटर चालून येतो. जमिनीवर आपटून येणारा सुमारे २.२४ मीटर चालतो. म्हणजे तो ३.६ सहस्रांश सेकंद उशिरा पोहोचतो. संगणकाला सांगावे, की तेवढ्या वेळातले घे, पुढचे टाकून दे. प्रतिध्वनी आपोआप वगळला जातो. अर्थात ह्याची किंमत मोजावी लागते. एवढ्या अल्प खिडकीतून सुमारे २८० कंपनांच्या खालचे स्वर नीट दिसत नाहीत. त्यासाठी माइक पडद्याच्या अगदी जवळ न्यावा लागतो किंवा यंत्र उघड्या मैदानात उंचावर न्यावे लागते. फुकट असे काही मिळत नाही, हा नियम येथेही खरा आहे.

आता आजच्या साधनांकडे येऊ. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील कॅल्सॉडसारख्या आज्ञावल्यांनी विभाजकाची आखणी घरगुती संगणकावर आणली. २००० नंतरच्या दशकात बेहरिंगरचा तीन आवाज घेऊन सहा वाटांनी देणारा नियंत्रक आला आणि छोट्या मंडप-व्यावसायिकांनाही आकड्यांचे विभाजन परवडू लागले. त्यानंतर हाँगकाँगच्या मिनीडीएसपी कंपनीच्या तळहाताएवढ्या पट्ट्या आल्या. त्यांपैकी सुरुवातीच्या एका पट्टीवर अ‍ॅनालॉग डिव्हाइसेसची चकती आहे. तीच चकती सुटी घेतली तर उत्पादकाच्या सिग्मास्टुडिओ ह्या आज्ञावलीत चौकोन काढून, रेषा जोडून तिच्यात गाळण्या भरता येतात. मोजण्यासाठी रूम ईक्यू विझार्ड, आखणीसाठी व्हिटुइक्सकॅड आणि वेळेची दुरुस्ती करणाऱ्या गाळण्या तयार करण्यासाठी रीफेज ह्या आज्ञावल्या हौशी अभ्यासकाला विनामूल्य मिळतात. कॅमिलाडीएसपी ही मुक्त आज्ञावली रास्पबेरी पाय ह्या पत्त्याच्या कॅटाएवढ्या संगणकावरही विभाजनाचे सर्व काम करते. माइक, एक संगणक, अनेक वाटांची ध्वनिपट्टी आणि प्रत्येक तोंडाला एक वर्धक, एवढ्यावर आज महाविद्यालयातील मुलगा ते करू शकतो, जे १९३३ साली बेल प्रयोगशाळेलाच शक्य होते.

कामाची रीत सांगायची तर अशी. प्रत्येक तोंड स्वतंत्रपणे मोजावे. समोरून मोजावे आणि बाजूच्या कोनांतूनही मोजावे. माइक हलवू नये, आणि सर्व मापांना वेळेचा आरंभबिंदू एकच ठेवावा. नाहीतर पॉवेलचा ठोका पुन्हा दुभंगेल. ती मापे आखणीच्या आज्ञावलीत घालावीत, सीमा ठरवावी, गाळण्या बसवाव्यात व थांबवण्याची वेळ काढावी. मग ते आकडे यंत्रात भरून पुन्हा मोजावे. शेवटची परीक्षा फार सुरेख आहे. एका तोंडाच्या तारा मुद्दाम उलट्या कराव्यात. लिंक्विट्झ-रायलीची गाळणी बरोबर जुळली असेल तर सीमेवरचा स्वर जवळजवळ नाहीसा होतो. दोघे पूर्णपणे एका तालात असल्याखेरीज ते एकमेकांना इतके पुसून टाकू शकत नाहीत. ज्या सीमेवर दरी सर्वांत खोल, तेथे मीलन सर्वांत पक्के.

गाळण्यांची दुसरीही एक जात आहे. हजारो गुणकांची लांब यादी करून ती स्वरांची वाटणी करते आणि वेळेत तसूभरही फरक पडू देत नाही. परंतु ४,८०० गुणकांची अशी सममित यादी ४८,००० मापांच्या गतीने चालवली तर आवाज पन्नास सहस्रांश सेकंद उशिरा निघतो. ध्वनिमुद्रित गाणे ऐकताना ह्याने काही बिघडत नाही. सभेत मात्र वक्त्याचे ओठ आधी हलतील व शब्द मागून येतील. यंत्र अधिक सामर्थ्यवान झाले म्हणून निवडीची जबाबदारी संपत नाही, उलट वाढते.

ह्या जबाबदारीबद्दल तीन गोष्टी सांगून मी विषय पुरा करतो. पहिली गोष्ट सावधगिरीची. जुन्या पेटीत ट्वीटरच्या वाटेत एक कंडेन्सर उभा असे. तो खर्ज अडवून त्या नाजूक वेटोळ्याला आपोआप वाचवीत असे. आकड्यांच्या विभाजनात वर्धक थेट ट्वीटरला जोडलेला असतो. एक वाट चुकीच्या खुणेवर जोडली गेली, तर क्षणार्धात ते वेटोळे जळते. म्हणून जाणते कारागीर चाचणीच्या वेळी ट्वीटरच्या वाटेत एक कंडेन्सर ठेवतातच.

दुसरी गोष्ट ज्ञानाच्या मालकीची. कॅम्बेल, बटरवर्थ, लिंक्विट्झ, फरीना ह्यांचे काम छापून निघाले म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले. आजची कित्येक उपकरणे मात्र उत्पादकाच्या खाजगी आज्ञावलीवाचून उघडत नाहीत. संगणकाची प्रणाली बदलली आणि ती आज्ञावली चालेनाशी झाली, की आत चकती शाबूत असूनही पेटी मुकी होते. लाकडी पेटीतील जुने वेटोळे गावातला कारागीर पुन्हा गुंडाळू शकतो. कुलूप घातलेला आकडा कोणाला दुरुस्त करता येत नाही. आपल्या गावच्या सभागृहासाठी, शाळेसाठी किंवा देवळासाठी यंत्रणा घेताना तिचे आकडे आपल्या हाती लिहून मिळतात की नाही, हे कार्यकर्त्यांनी अवश्य विचारावे.

तिसरी गोष्ट आपल्या कानांची. ज्या नियंत्रकात विभाजनाची सोय असते त्याच नियंत्रकात बहुधा आवाजाला मर्यादा घालण्याचीही सोय असते. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनी निवासी विभागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल अशी मर्यादा सांगितली आहे. उत्सवांत उभ्या राहणाऱ्या भिंतींपुढे ह्या आकड्यांचे काय होते ते आपण सर्व जाणतो. यंत्राजवळ संयमाची कळ असते. ती दाबण्याचा निर्णय यंत्र करीत नाही. आणि सभेचे खरे हित केवळ मोठ्या आवाजात नाही. शेवटच्या रांगेतील म्हातारीला शब्द न् शब्द कळण्यात आहे. वाटणी नीट केलेली दोन लहान तोंडे जे साधतात ते वाटणी बिघडलेली दहा मोठी तोंडे साधत नाहीत.

दीडशे वर्षांपूर्वी वक्त्याचा आवाज दुभंगत नव्हता, कारण तो एकाच गळ्यातून निघून थेट कानावर येत होता. यंत्राने त्याची पोहोच वाढवली, आणि त्यासाठी त्याचे तुकडे केले. ते तुकडे पुन्हा जोडण्याचे काम शंभर वर्षे चालू आहे. त्यात वेटोळी आली आणि गेली, सुतारकाम आले आणि गेले, आता आकडे आले आहेत. कसोटी मात्र तीच राहिली आहे : नर्तकीच्या टाचेचा ठोका एकदाच ऐकू आला पाहिजे.